वेग हातात नसतो, मांडणीत असतो: पुन्हा उडणाऱ्या रॉकेटचा तळ कसा बांधायचा?

आज जरा जमिनीवरच्या गोष्टी करू. विषय रॉकेटचा आहे, पण आज आकाशात फारसं जायचं नाहीये.

१३ ऑक्टोबर २०२४ चा तो व्हिडिओ तुम्ही नक्की बघितला असणार. टेक्सासमध्ये समुद्राकाठी स्टारशिपचा बूस्टर, म्हणजे साधारण ७१ मीटर उंचीचं धूड, आगीवर तोल सांभाळत खाली आलं आणि लाँच टॉवरच्या दोन लोखंडी हातांनी ते अलगद झेललं. माझ्या सगळ्या ग्रुपवर दिवसभर तेच चालू होतं. मी तो व्हिडिओ बाबांना दाखवला. त्यांनी शांतपणे दोनदा बघितला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "बरं, आलं परत. मग पुन्हा निघणार कधी?"

मी म्हणाले, "बाबा, ते झेललं ते बघा ना!"

ते म्हणाले, "झेललं ते दिसलंच मला. अगं, पण गाडी परत आली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं."

बाबांचं ट्रकचं गॅरेज होतं, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडणं साहजिकच होतं. उभा ट्रक कमवत नाही, पण बँकेचा हप्ता काही थांबत नाही. रॉकेटचंही तेच आहे. बूस्टर परत आणता येतो हे आता सिद्ध झालंय. पण तो महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून राहिला, तर परत आणून वाचवलेले पैसे शेडमध्येच संपतात. म्हणून आजचा प्रश्न बाबांचा: पुन्हा निघणार कधी? आणि ते लवकर व्हावं म्हणून जमिनीवरचा सगळा पसारा कसा मांडायचा?

आधी आमच्या गॅरेजची एक गोष्ट

मी सातवी-आठवीत असेन. कांद्याचा ट्रक आला, क्लच गेलेला. माल भरलेला, ड्रायव्हर डोक्यावर बसलेला, "शेठ, संध्याकाळपर्यंत निघायलाच पाहिजे." आमच्याकडे एक मदतनीस होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. घाईघाईत त्याने जॅक लावला, पण खाली लाकडी ओंडका द्यायचा राहिला. जॅक सरकला. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

गॅरेज चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी बाबांनी शेडमध्ये खड्डा खणायला घेतला. ट्रक वर, माणूस खाली उभा, जॅकची भानगडच नाही. पाने एका भिंतीवरून काढून खड्ड्याच्या काठावर आणले. क्लच प्लेट, बेअरिंग, नट-बोल्ट आधी मांडून ठेवायचे आणि मगच ट्रक आत घ्यायचा. आणि गंमत बघा. हे सगळं केलं होतं सुरक्षेसाठी, पण ज्या कामाला पूर्ण दिवस लागायचा ते अर्ध्या दिवसात व्हायला लागलं. कुणीही हात जास्त जोरात चालवत नव्हतं. बाबा तेव्हापासून म्हणतात, "घाई हाताने करायची नसते. ती जागा करते."

हे वाक्य आज लक्षात ठेवा.

स्पेस शटल: परत यायचं, पण अडकून पडायचं

पुन्हा वापरायच्या यानाचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे नासाचं स्पेस शटल. १९८१ ते २०११, तीस वर्षं, १३५ उड्डाणं. कागदावरची योजना काय होती? शटल उतरलं की साधारण दोन आठवड्यांत पुन्हा उड्डाणाला तयार. प्रत्यक्षात सगळ्यात जलद झालेली फेरी अटलांटिसची. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये उडालं आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा उडालं, ५४ दिवसांनी. आणि हा विक्रम शेवटपर्यंत कुणी मोडला नाही. एका वर्षात सगळ्यात जास्त उड्डाणं झाली ती त्याच १९८५ मध्ये, फक्त नऊ.

का बरं असं झालं? लोक आळशी होते का? अजिबात नाही. फ्लोरिडाच्या केनेडी स्पेस सेंटरमध्ये हजारो माणसं दिवसरात्र राबत होती. अडचण त्यांच्या हातात नव्हती, मांडणीत होती.

एक तर शटलच्या अंगावर २४ हजारांहून जास्त उष्णतारोधक टाइल्स, आणि जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा. एक खराब झाली तर दुसरीकडची काढून लावता येत नाही. दुसरं, वळण्या-फिरण्याच्या छोट्या इंजिनांचं इंधन विषारी. त्यावर काम करायचं तर पूर्ण बंद सूट घालायचा आणि आजूबाजूची बाकीची माणसं बाहेर काढायची. म्हणजे एक काम चालू असताना दहा कामं थांबलेली. तिसरं, बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर समुद्रात पडायचे. ते जहाजाने ओढून आणायचे, सुटे करायचे, आणि त्यांचे भाग रेल्वेने थेट युटा राज्यात जायचे पुन्हा भरायला. अर्धा देश ओलांडून!

आणि चौथं म्हणजे जुळणी. शटल, टाकी आणि बूस्टर हे सगळं उभं करून जोडलं जायचं ते १६० मीटर उंच व्हेइकल असेंब्ली बिल्डिंगमध्ये. ही इमारत मुळात चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न ५ साठी बांधलेली. तिथून क्रॉलर नावाच्या अवाढव्य वाहनावर उभंच्या उभं ठेवून साधारण साडेपाच किलोमीटरवरच्या पॅडपर्यंत न्यायचं, ताशी दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने. त्यापेक्षा आपली आजी देवळात लवकर पोचते! बरं, भरलेले घन बूस्टर इमारतीत असले की तिथे माणसांच्या संख्येवर बंधन, कारण घन इंधन ओतलं की ते कायम जिवंत. त्याला 'बंद' करायचं बटण नसतं.

या सगळ्यात माणसंही गेली. १९ मार्च १९८१. कोलंबियाच्या पहिल्या उड्डाणाला महिनाही उरला नव्हता. पॅडवर एक सराव चाचणी संपली आणि काही तंत्रज्ञ यानाच्या शेपटाकडच्या कप्प्यात शिरले. आत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला होता. आग लागू नये म्हणून तो भरतात. पण नायट्रोजनला ना रंग, ना वास. माणसं शिरली आणि कोसळली. त्यात मृत्यू झाले. अंतराळवीरांची नावं आपल्याला पाठ असतात, ही नावं कुणाला आठवत नाहीत. म्हणून मी म्हणते की तळाची रचना हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. 'आत शिरणं सुरक्षित आहे' हे कुणाच्या आठवणीवर नाही, तर दाराच्या कुलपावर अवलंबून असायला हवं.

आडवं जोडा, उभं करा, उडवा

आता २०१४. त्याच केनेडी सेंटरचा पॅड ३९ए स्पेसएक्सने वीस वर्षांच्या भाड्याने घेतला. त्यांनी काय केलं? ती उंच इमारत वापरलीच नाही. पॅडच्या चढाच्या पायथ्याशी, क्रॉलरच्या जुन्या रस्त्यावरच, एक लांबलचक बुटकं हँगर बांधलं. फाल्कन ९ तिथे आडवं ठेवून जोडतात. मग एका मोठ्या सांगाड्यावर, ज्याला ते ट्रान्सपोर्टर इरेक्टर म्हणतात, आडवंच पॅडवर नेतात आणि तिथे उभं करतात.

फायदा काय? आडव्या रॉकेटच्या कुठल्याही भागापर्यंत छोट्या शिडीने पोचता येतं. सत्तर मीटर उंच इमारत नको, तेवढ्या उंचीवरची क्रेन नको, वरून पाना पडायची भीती नको. हँगरमध्ये एका शेजारी एक असे बूस्टर ठेवता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फाल्कनमध्ये द्रव इंधन असल्यामुळे जोडणीच्या वेळी टाक्या रिकाम्या असतात. मुख्य भरणी सुरू होते ती उड्डाणाच्या सुमारे ३५ मिनिटं आधी.

तोटाही आहे बरं का. रॉकेट आडवं ठेवलं तर त्याचं अंग वाकण्याचा ताण सोसेल इतकं मजबूत लागतं. आणि काही नाजूक उपग्रहांना आडवं झोपवणं चालत नाही. म्हणजे 'आडवं चांगलं, उभं वाईट' असा सरसकट नियम नाही. रॉकेट आणि त्याचं घर एकत्रच आखावं लागतं. आधी रॉकेट बनवून मग त्याला घर शोधायला निघालात, की शटल होतं.

याचा परिणाम बघा. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कनचा बूस्टर पहिल्यांदा जमिनीवर परत उतरला. वापरलेला बूस्टर पहिल्यांदा उडाला मार्च २०१७ मध्ये, याच ३९ए वरून. २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० पेक्षा जास्त उड्डाणं झाली. आणि मार्च २०२५ मध्ये एकच बूस्टर नऊ दिवसांत दुसऱ्यांदा उडाला. कुठे ५४ आणि कुठे नऊ!

चला, आपण एक तळ आखू

आता कागद-पेन घ्या, नाहीतर मोबाइलमधलं नोट्स उघडा. आकडे मी सोपे धरलेत, फक्त हिशोब समजावा म्हणून.

समजा, बूस्टर समुद्रात जहाजावर उतरतो आणि बंदरमार्गे तळावर यायला ३ दिवस लागतात. तपासणी आणि दुरुस्तीला १२ दिवस. वरचा टप्पा आणि उपग्रह जोडायला ३ दिवस. पॅडवर २ दिवस, उड्डाणानंतरची झाडलोट धरून. आपल्याला दर तीन दिवसांनी एक उड्डाण हवंय. पहिलं काय बांधाल?

बहुतेक जण म्हणतात, अजून एक पॅड. थांबा. पॅडला दोनच दिवस लागतायत, म्हणजे पॅड रिकामाच बसतोय. अडलंय कुठे? तपासणीत. बारा दिवसांचं काम आणि दर तीन दिवसांनी एक गाडी बाहेर काढायची, म्हणजे बारा भागिले तीन, चार खण लागणार. तपासणीचा एकच खण असेल, तर तुम्ही दहा पॅड बांधा, उड्डाण बारा दिवसांनीच होणार. आणि बूस्टर किती लागतील? पूर्ण फेरी ३ अधिक १२ अधिक ३ अधिक २, म्हणजे २० दिवसांची. वीस भागिले तीन, पावणेसात. म्हणजे सात बूस्टर. आता कुणीतरी तपासणी बारावरून नऊ दिवसांवर आणली, तर एक खण वाचतो आणि एक बूस्टरही वाचतो. एसटी डेपोत वर्कशॉपचे खड्डे किती आणि गाड्या किती, हा हिशोब यापेक्षा वेगळा नसतो.

म्हणून माझा पहिला नियम: पॅडवर काम करायचं नाही. पॅड म्हणजे फलाट. फलाटावर कुणी इंजिन उघडून बसत नाही.

दुसरा नियम: जोड कमी आणि एकसारखे. इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा, डेटाच्या केबल हे सगळं एका ठरलेल्या जागी, एका झटक्यात लागणारं आणि उड्डाणाच्या क्षणी आपोआप सुटणारं असावं. दर वेळी माणसाने वर चढून नळी जोडायची असेल, तर तिथे वेळही जातो आणि जीवही टांगणीला लागतो.

तिसरा नियम: टाक्यांचा हिशोब पॅडइतकाच महत्त्वाचा. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. तो साठवताना थोडा थोडा उडून जात राहतो. दर तीन दिवसांनी उडायचं तर तीन दिवसांत टाक्या पुन्हा भरल्या पाहिजेत. टँकर येतील किती, रिकामे होतील कुठे, की तिथेच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कारखाना लावायचा? लग्नात मांडव मोठा घातला आणि पाण्याचा टँकरच नाही, असं नको व्हायला.

चौथा नियम: एक दिवस काहीतरी फुटणार, हे धरूनच आखा. १ सप्टेंबर २०१६ ला केप कॅनव्हेरलच्या पॅड ४० वर फाल्कन ९ मध्ये इंधन भरलं जात होतं. चाचणीच होती, उड्डाण नव्हतं. रॉकेट फुटलं, वरचा उपग्रह गेला, पॅड मोडला. कुणालाही इजा झाली नाही, कारण भरणीच्या वेळी पॅडवर एकही माणूस नव्हता. तो पॅड पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. पण फेब्रुवारी २०१७ पासून उड्डाणं ३९ए वरून चालू झाली होती. दुसरा पॅड हवा तो यासाठी. वेगासाठी कमी, विम्यासाठी जास्त.

मग तो झेलणारा टॉवर?

आता बाबांच्या प्रश्नाकडे परत. टॉवरने बूस्टर झेलायचा कशाला? कारण मग बूस्टरला पाय नको, म्हणजे वजन वाचतं. बंदर नको, ट्रेलर नको. जिथून उडाला तिथेच परत. माझ्या हिशोबातले पहिले तीन दिवस थेट शून्य. कल्पना जबरदस्तच आहे.

पण दोन गोष्टी. एक, २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या स्टारशिप उड्डाणात इंजिनांच्या झोताने पॅडखालचं काँक्रीट उखडून दूरवर फेकलं. नंतर तिथे पाणी उसळवणारी पोलादी प्लेट बसवली आणि मग नोव्हेंबरमध्ये दुसरं उड्डाण झालं. म्हणजे जमिनीवर वाचवलेलं काम महागात पडतं. दुसरं, उडवणं आणि उतरवणं दोन्ही एकाच खांबावर, म्हणजे उतरताना चूक झाली तर उडायची जागाही जाते. आणि झेललेला बूस्टर पुन्हा कधी उडाला? जानेवारी २०२५ मध्ये झेललेला एक बूस्टर त्याच वर्षी २७ मे ला पुन्हा उडाला. चार महिन्यांनी. बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. "अजून खड्डा खणायचाय त्यांना," म्हणाले.

आणि आपण?

आता श्रीहरिकोटा. पहिल्या पॅडवर पीएसएलव्ही वर्षानुवर्षं पॅडवरच जोडलं जायचं. चाकांवरचा मोठा टॉवर रॉकेटभोवती, आणि उड्डाणाआधी तो मागे सरकवायचा. म्हणजे आपल्या भाषेत, फलाटावरच वर्कशॉप. २००५ मध्ये दुसरा पॅड सुरू झाला, त्याची रीत वेगळी: साधारण एक किलोमीटरवरच्या इमारतीत जोडणी, मग रुळांवरून पॅडवर. पुढे पहिल्या पॅडसाठीही वेगळी जोडणी इमारत बांधली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिचं उद्घाटन झालं तेव्हा सांगितलं गेलं की पीएसएलव्हीची वर्षाची क्षमता ६ वरून १५ उड्डाणांपर्यंत जाऊ शकेल. बघा, पॅड तोच, रॉकेट तेच. फक्त काम पॅडवरून उचलून शेडमध्ये नेलं. ३० डिसेंबर २०२४ चं पीएसएलव्ही-सी६० हे तिथे जोडलेलं पहिलं रॉकेट.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या रॉकेटला, एनजीएलव्हीला, मंजुरी दिली. खालच्या कक्षेत ३० टन नेणारं, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी श्रीहरिकोट्याला तिसऱ्या पॅडला मंजुरी मिळाली, ३,९८४ कोटींहून थोडी जास्त. मुदत ४८ महिने.

इथे मला मनापासून काहीतरी म्हणायचंय. या बातमीवर सगळीकडे पॅडचंच चित्र फिरलं. पण पुन्हा वापरायच्या रॉकेटचा तळ पॅडने ठरत नाही, परतीच्या वाटेने ठरतो. बूस्टर उतरणार कुठे? जहाजावर असेल तर बंदर कुठलं, तिथून रस्ता कोणता, वळणं किती? तपासणीचे खण किती? आज एक बांधला तर उद्या शेजारी तीन बांधायला जागा सोडली आहे का? इंजिन काढून घालायचं असेल तर ते तिथेच होणार, की पुन्हा शेकडो किलोमीटर दूर जाणार, शटलच्या बूस्टरसारखं? हे प्रश्न आज नकाशावर पेन्सिलने सोडवता येतात. काँक्रीट ओतल्यावर सोडवायला गेलं, तर दुप्पट पैसा आणि दहा वर्षं.

आणि हे काम फक्त 'रॉकेट सायंटिस्ट' लोकांचं नाही. वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं बनतात, विक्रोळीत गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. तिथला वेल्डर, फिटर, तपासनीस, यांनी आजवर एक वस्तू एकदाच उडणार म्हणून बनवली. पुढची पिढी अशी वस्तू बनवेल जी परत येणार आहे आणि उघडून बघितली जाणार आहे. आयटीआयला असणाऱ्या माझ्या श्रोत्यांनो, 'बनवणं' याच्याइतकंच 'उघडून, बघून, पुन्हा बंद करणं' हे कौशल्य उद्या मोलाचं ठरणार आहे.

जाता जाता एक तारीख सांगते. २२ ऑगस्ट २००३, ब्राझीलचं अल्कांतारा. उड्डाणाला काही दिवस बाकी होते, रॉकेट पॅडवर उभं होतं, माणसं टॉवरवर कामात होती. घन इंधनाची एक मोटर अचानक पेटली. २१ माणसं गेली. ज्या कामासाठी ती तिथे चढली होती, ते काम पॅडवर करावं लागलं नसतं तर?

दादा अजून आमच्या भागातच असतो. त्याचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. गेल्या दिवाळीत मी गेले होते. त्याच्या शेडमध्ये सगळ्यात आधी काय दिसलं सांगू? खड्डा. आणि काठावर ओळीने मांडलेले पाने. तीन बोटांच्या हाताने त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "ताई, इथे कुणी घाई करत नाही. तरी गाडी वेळेत जाते."

पुढच्या वेळी एखादं रॉकेट परत उतरताना बघाल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण मग बाबांचा प्रश्नही विचारा. आणि तुमच्या कामाच्या जागी, मग ते किराणा दुकान असो, हॉटेलचं किचन असो की कॉलेजची लॅब, अशी कुठली जागा आहे जिथे माणसं घाई करतात, कारण मांडणी चुकलीय? मला नक्की कळवा. आवाजात पाठवलंत तर पुढच्या भागात ऐकवेन.

भेटू मग. काळजी घ्या, आणि जॅकखाली ओंडका द्यायला विसरू नका.